आइसलँड ट्रिप : रविवारच्या बैठकीची सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार,

फेब्रुवारीतल्या आइसलँड ट्रिपची बैठक येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता, गंगापूर रोडवरच्या आपल्या नेहमीच्या हॉलवर. जाणाऱ्या प्रत्येकाने यावे.

डिसेंबर का नको, हे पुन्हा विचारू नये. तेव्हा राजधानी रेक्याविकला जेमतेम चार-पाच तास उजेड असतो. फेब्रुवारीत दिवस बरा मोठा होतो आणि अरोराही (रात्री आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) दिसू शकतो. देशाला फेरी घालणारा पूर्ण रिंग रोड करायचा नाही. दक्षिण किनाऱ्याने विक गाव आणि पुढे योकुल्सारलोन या हिमनदीच्या सरोवरापर्यंतच. तेही एका दिवसात नाही.

गाडी चालवणाऱ्यांनी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आत्ताच काढावे. पेठ रोडच्या आरटीओत जाताना पासपोर्ट, लायसन्स सोबत ठेवा. मूळ लायसन्स तिकडेही लागते.

तिथले नियम:
• गाडी उजवीकडून, हेडलाइट दिवसाही चालू. डांबरी रस्त्यावर कमाल वेग ताशी ९० किमी. बर्फ असेल तर त्याहून बराच कमी.
• टायर खिळ्यांचेच (बर्फावर पकड देणारे) घ्यायचे.
• वारा भयंकर. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा, दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने दार उलटे फिरले तर भाड्याच्या गाडीचा विमा सहसा खर्च देत नाही.
• रेनिसफ्याराच्या काळ्या वाळूवर लाटांकडे पाठ करून फोटो नाहीत. तिथे माणसे वाहून गेली आहेत.
• रस्ता बंद दाखवला तर मुक्काम वाढवायचा, वाद नाही. आपत्कालीन नंबर ११२.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. त्याची प्रत रविवारी आणावी. कसारा घाटातल्या धुक्याचा अनुभव तिथे पुरणार नाही, तेव्हा नवशिक्यांनी स्टिअरिंगचा हट्ट धरू नये.