गंजलेला हँगर पास, भक्कम हँगर नापास : मा. परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

माझी जुनी एमएम ५४० जीप गेल्या आठवड्यात पासिंगला नापास झाली. कारण काय, तर मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, म्हणजे पाटे चासीला, गाडीच्या सांगाड्याला, धरून ठेवणारे कंस, कंपनीचे नाहीत. ते सैल आहेत, तडकलेत, असं कुणाचंच म्हणणं नाही. याच कार्यालयातल्या आधीच्या साहेबांनी मला सांगितलं होतं, ‘काम पक्कं करा, बिल जोडा, गाडी पास होईल.’ साहेबांची बदली झाली, शब्दही त्यांच्याबरोबर गेला.

आम्ही भोर तालुक्यात घाटमाथ्यावर राहतो. दुधाचे कॅन, खताची पोती, आजारी माणूस, सगळं याच गाडीने खाली उतरतं. पावसाळाभर हँगर आणि चासीच्या फटीत चिखल बसतो आणि पत्रा आतून पोखरतो. वरून रंग शाबूत दिसतो. माझा उजवा हँगर असाच उतारावर रिव्हेटांसकट उपटला. पाट्याचं एक टोक सुटलं की मागचा अ‍ॅक्सल तिरका होतो, इंजिनाची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट ओढला जातो, स्टीअरिंग फिरवून उपयोग नसतो. मागे माझी आई बसली होती. तिच्या डोक्याला टाके पडले. गाडी बांधाला अडली म्हणून आम्ही वाचलो.

त्यानंतर मिस्त्रींनी चासीचा कुजलेला भाग कापून आतून पट्टी दिली, जाड पत्र्याचे हँगर बसवले. वेल्डिंगची रेघ चासीला सरळ छेदून नेली नाही, कारण चीर तिथूनच सुरू होते. भोकं चासीच्या उभ्या बाजूला पाडली. वरच्या-खालच्या कडांवर सगळ्यात जास्त ताण येतो, त्यांना हात लावला नाही. गाडी उंच केली नाही, त्यामुळे गोळ्याचा (मागच्या डिफरन्शियलचा) कोन तोच आणि क्रॉसवर, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यावर, जादा ताण नाही. खर्च लाखाच्या घरात गेला. निरीक्षक मात्र गाडीखाली वाकलेसुद्धा नाहीत. बिलावर ‘हँगर बदलले’ वाचलं आणि शेरा मारला. बिल जोडलं नसतं तर गाडी पास होती! माझ्यामागच्या जीपच्या शॅकलला, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीला, गंजाचे पापुद्रे सुटले होते. ती पास झाली, कारण शॅकल कंपनीचे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी वाचलंय. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल नको, हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. हौसेपायी गाड्या चार-चार इंच उंच करून हमरस्त्यावर मिरवणाऱ्यांना आवराच. अशी गाडी वळणावर उलटते. पण तुटलेली जोडणी भक्कम करणं हा गुन्हा कसा? मूळ भाग बाजारात मिळत नाही, मग मी काय सुतळीने बांधू? जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्थेचा अभियंता असा बदल तपासतो आणि तो गाडीच्या कागदांवर चढतो. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन चाचणी संस्था आपल्या पुण्यातच आहे. तिथे कंपन्यांच्या गाड्यांची चाचणी होते, माझ्या जीपने कोणत्या दारातून जायचं? राज्यातल्या निम्म्या जुन्या जीपांचे हँगर असेच वेल्डिंगचे असतील, माझी खात्री आहे. ते सगळे आता बिलं लपवायला शिकतील.

पैसे घेताना मात्र तुमचं खातं विसरत नाही. १५ वर्षं उलटली की दर ५ वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. वाहनकर ज्या रस्त्यासाठी भरला तो कुठे आहे, साहेब? आमचा रस्ता निवडणुकीत मंजूर होतो आणि आषाढात वाहून जातो. रुग्णवाहिका अर्ध्या वाटेवरून परत फिरते. बाळंतीण झोळीतून खाली न्यावी लागते, आणि जी एक गाडी वर चढते तिला तुम्ही नापास करता!

कलम केंद्राचं आहे हे उत्तर नको, तसं पत्र केंद्राला तुम्ही पाठवा. चासी आणि हँगरच्या दुरुस्तीला अभियंत्याचा दाखला चालेल, त्याची आरसीवर नोंद होईल, असा नियम मागा. तोवर निरीक्षकांना गाडीखाली उतरून बघायचा लेखी आदेश द्या, तो तर तुमच्याच हातात आहे. आईला या महिन्यात पुन्हा डॉक्टरकडे न्यायचंय. त्याआधी माझी जीप तपासा, नाहीतर वस्तीपर्यंत चढेल अशी सरकारी गाडी पाठवा.

आपला,
घाटमाथ्यावरचा एक जीपमालक