ट्रेलर वळवायचा कुठे?

महोदय,

कालच्या अंकातली नवी मुंबई परिसरातल्या ‘लॉजिस्टिक हब’ची, म्हणजे माल साठवण्या-हलवण्याच्या केंद्राची, बातमी वाचली. न्हावा-शेवा, अटल सेतू, नवा विमानतळ, गोदामांचे चौरस फूट, सगळे आले. गोदामापाशी आलेला ट्रेलर वळवायचा आणि उभा करायचा कुठे, यावर मात्र एक ओळही नाही. रोजची कोंडी नेमकी तिथूनच सुरू होते.

चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर पुढच्या हॉर्ससकट (ओढणाऱ्या इंजिनगाडीसकट) साधारण सोळा मीटर भरतो. तो डॉकला, म्हणजे गोदामाच्या माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटाला, काटकोनात लावायचा तर समोर किमान तीसेक मीटर मोकळी जागा हवी. महापे, पावणे, तुर्भे इथले भूखंड पाडले कारखान्यांसाठी. त्यातल्या कितीतरी शेडची आता गोदामे झाली आणि फाटकापासून शटरपर्यंत जेमतेम दहा-बारा मीटर उरतात. मग ट्रेलर भर रस्त्यातच आडवा घालावा लागतो. डावीकडे मागे घ्यायचा असेल तर आणखी पंचाईत. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. ट्रेलर वळला की डाव्या आरशात नुसती कंटेनरची भिंत दिसते, मागची कड दिसतच नाही. क्लीनर खाली उतरून पत्र्यावर थापा मारतो, त्या अंदाजाने गाडी मागे येते. जरा तिरकी आली की परत पुढे, परत मागे. तोवर दोन्ही बाजूंची वाहतूक ठप्प. आणि चलान फाटते ते गाडीमालकाच्या नावावर. गोदामवाल्याला कोणी विचारत नाही!

गोदामे सगळ्या गाड्या सकाळी एकदमच बोलावतात. त्यात ठाण्यात दिवसा ठरावीक तासांत अवजड वाहनांना बंदी, म्हणून गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या शिळफाटा, कल्याण फाट्याला खोळंबतात. दहा ट्रेलर ओळीने लागले की पावणेदोनशे मीटर सर्व्हिस रोड गेला. रात्री त्यांचे मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले. दुचाकीवाला थेट खाली घुसतो. चालकाला ना पाणी, ना शौचालय.

न्हावा-शेवा बंदर १९८९ पासून सुरू आहे, कंटेनर वाढणार हे तेव्हापासून दिसत होते. निदान आता तरी गोदामाला परवानगी देताना वळायची जागा मोजा, प्रत्येक डॉकमागे दोन गाड्या आवारातच उभ्या राहतील अशी अट घाला आणि गाड्यांना वेळा वाटून द्यायला लावा.

आणखी एक. या रस्त्यांच्या वळणांवर खड्ड्यात पेव्हर ब्लॉक बसवणे थांबवा. ट्रेलरचे मागचे तीन अ‍ॅक्सल (चाकांचे आस) स्वतः वळत नाहीत, टायर घासत आडवे सरकतात. त्या ओढीने ब्लॉक जागच्या जागी फिरतात, सांधे उघडतात, पावसात खालची वाळू निघून जाते आणि खड्डा पुन्हा पहिल्यासारखा. तिथे काँक्रीटच घालावे, आणि क्युरिंग (पाणी मारून काँक्रीट पक्के होऊ देणे) पुरे होण्याआधी रस्ता उघडू नये.

— एक वाहतूक व्यावसायिक, कळंबोली