कृत्रिम खुब्यांचा हिशोब कोण ठेवतंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत सांधेरोपणावर अख्खं पान होतं. रोबोट, छोटा छेद, दुसऱ्या दिवशी पेशंट चालायला लागतो वगैरे, आणि ते खरंच आहे, त्याबद्दल माझा काही वाद नाही. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर माणसं पुन्हा बाजारात फिरताना मी बघितलीयत. पण एवढ्या मजकुरात एक प्रश्न कुणीच विचारलेला दिसला नाही. आत बसवलेला तो इम्प्लांट दहा-पंधरा वर्षांनी कसा आहे हे आपल्या देशात मोजतंय कोण? कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल किती जणांना बसवलं आणि त्यातले किती परत काढावे लागले, हा साधा हिशोब. हाडांच्या सर्जन लोकांच्या संघटनेची एक रजिस्ट्री, म्हणजे अशा नोंदींची वही, आहे, पण ती ऐच्छिक, म्हणजे ज्याला वाटेल तो भरतो, नाही वाटलं तर नाही.

यात काय बिघडतं ते आपण एकदा चांगलंच भोगलंय. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा होता, बॉल पण धातूचा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी पण धातूची. वाटी उथळ, त्यामुळे बॉल कडेवर घासायचा आणि कोबाल्ट-क्रोमियमचा बारीक कीस आजूबाजूच्या मांसात आणि रक्तात उतरायचा. ऑगस्ट २०१० मधे कंपनीने तो जगभरातून मागे घेतला, तोपर्यंत जगात साधारण ९३ हजार लोकांना बसवून झालेला. भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशनं. पुढे केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने बघितलं तर त्यातल्या साडेतीन हजारांहून जास्त पेशंटचा पत्ताच लागत नव्हता! पत्ता नाही म्हणजे त्यांना कुणी सांगितलंच नसणार की बाबा तुझ्या खुब्यातला पार्ट रिकॉल झालाय. आपल्या महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने (तेव्हा महेश झगडे आयुक्त होते) मुंबईत गुन्हा दाखल केला, हे देशात सगळ्यात आधी, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. दिल्लीतून अधिकृत अलर्ट निघायला मात्र २०१३ चा डिसेंबर उजाडला. आणि २०१९ मधे दिल्ली हायकोर्टात २५-२५ लाख द्यायला कंपनी तयार झाली ती किती जणांना, तर पडताळणी झालेल्या ६७ जणांना. ४,७०० कुठं आणि ६७ कुठं.

आता हा खुबा खराब आहे हे कळलं कसं तेही बघा. एखाद्या सर्जनकडे वर्षात दोन पेशंट दुखतंय म्हणून परत आले तर तो म्हणणार नशीब, किंवा वजन जास्त, किंवा माझंच काहीतरी चुकलं असेल. हजारो केसेस एकत्र मांडल्याशिवाय मॉडेलमधला दोष दिसतच नाही. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून राष्ट्रीय रजिस्ट्री आहे, तिथे हा खुबा बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा परत काढावा लागतोय हे आधीच दिसलं आणि २००९ संपता संपता तो तिथल्या बाजारातून गेला. मग इंग्लंडच्या रजिस्ट्रीत पाच वर्षांत १२ ते १३ टक्के परत काढावे लागले असा आकडा आला आणि जगभरचा रिकॉल झाला. चांगला खुबा म्हणजे दहा वर्षांत पाच टक्क्यांच्या आत, हा इंग्लंडचाच आताचा निकष आहे. म्हणजे आपले पेशंट सावध झाले (जे झाले ते) ते परक्या देशाच्या नोंदींवर.

आणि इंग्लंडवाले काही आभाळातून पडलेले नाहीत. १९९८ मधे तिथे थ्रीएम कंपनीच्या कॅपिटल नावाच्या खुब्याचा असाच घोळ झाला होता, साडेचार हजारांच्या वर लोकांना बसवलेला आणि कुणाकुणाला बसवलाय हे शोधताना हॉस्पिटलांची तारांबळ. आपल्यासारखीच गत. पण त्यांनी त्यावरून धडा घेऊन २००३ मधे रजिस्ट्री सुरू केली. स्वीडनने तर १९७९ मधेच केली होती. आपल्याकडे रिकॉल होऊन किती वर्षं झाली ते वाचकांनीच मोजावं.

हे सगळं मी का लिहितोय, तर माझ्या मामाचं प्रकरण घरात चालू आहे. मामा कराडकडचा, खुब्याचं ऑपरेशन पुण्यातल्या एका हॉस्पिटलात झालं, बरीच वर्षं मस्त चालला, शेतात पण जायचा. आता जांघेत दुखायला लागलं. नवीन डॉक्टरांनी एक्सरे बघून पहिला प्रश्न विचारला, आत कुठल्या कंपनीचा स्टेम (मांडीच्या हाडात बसवलेला दांडा) आहे? कारण स्टेम घट्ट असेल तर तो तसाच ठेवून फक्त बॉल आणि लायनर (वाटीतलं अस्तर) बदलता येतं, पण त्यासाठी स्टेमच्या टोकाला बसणारा नेमका तोच बॉल मागवावा लागतो, नाहीतर चांगला स्टेम हाड फोडून बाहेर काढायचा. मामीने पिशवीभर कागद काढले. डिस्चार्ज कार्डवर लिहिलंय "डावा खुबा, अनसिमेंटेड टीएचआर", म्हणजे सिमेंट न वापरता बसवलेला पूर्ण कृत्रिम खुबा. बिलावर "इम्प्लांट सेट" आणि पुढे रक्कम, बास. वास्तविक प्रत्येक पार्टच्या खोक्यात चिकटवायचे स्टिकर येतात, त्यावर कंपनी, साइज, लॉट नंबर सगळं असतं, वाटीचा वेगळा, लायनरचा वेगळा, बॉलचा वेगळा, स्टेमचा वेगळा. ओटीतली सिस्टर ते हॉस्पिटलच्या फाइलवर लावते. आणि ते हॉस्पिटल मधल्या काळात दुसऱ्यांनी घेतलं, जुन्या फाइली नाहीत. नियमाने त्यांची चूकही धरता येत नाही, कारण मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवलं की झालं. वीस वर्षं अंगात राहणारी वस्तू आणि तिचा कागद तीन वर्षं! घरात फ्रिज घेतला तरी वॉरंटी कार्ड जपून ठेवतो आपण.

कुणी म्हणेल की मटेरिओव्हिजिलन्स नावाचा, वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवायचा सरकारी कार्यक्रम आहे की. आहे, जुलै २०१५ पासून, गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनकडे, आणि पेशंटलाही तक्रार करता येते, चांगली गोष्ट आहे. पण तिथे येतात फक्त तक्रारी. एका मॉडेलच्या ४० तक्रारी आल्या तर ते शंभरातले ४० की दहा हजारातले ४०, हे एकूण किती बसवले ते माहीत असल्याशिवाय कसं कळणार? आणि ऑपरेशन पुण्यात, बिघाड झाल्यावर पेशंट मुंबईत, तर पुण्याच्या सर्जनला आयुष्यभर वाटत राहणार की आपला पेशंट ठणठणीत आहे.

अजून एक. "पंचवीस वर्षं काळजी नको" असं ओपीडीत सांगतात ना, त्याला आधार काय? २०१९ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास घ्या, १०० पैकी ५८ खुबे २५ वर्षं टिकतात म्हणणारा, तो ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या रजिस्ट्रीवर उभा आहे. तिथला पेशंट बहुतेक साठी-सत्तरीचा, संधिवाताने झिजलेला. आपल्याकडे एव्हीएनमुळे, म्हणजे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे, पस्तिशी-चाळिशीतली पोरं टेबलावर येतात, कोव्हिडमधे स्टिरॉइड घेतलेल्यांचीही त्यात भर पडली. त्यांना पुढे चाळीस वर्षं काढायचीत, त्यात मांडी घालून बसायचंय, काहींना शेतात राबायचंय. त्यांच्या अंगात कुठला इम्प्लांट किती टिकतो हे फिनलंडचा आकडा कसा सांगेल?

माझं म्हणणं एवढंच की राज्य सरकारने दिल्लीची वाट बघू नये. एफडीएने एकदा पुढाकार घेतलाय, परत घ्यावा. नर्सिंग होमच्या नोंदणीच्या नियमात दोन ओळी घाला, की इम्प्लांटचे सगळे स्टिकर डिस्चार्ज कार्डवर लागलेच पाहिजेत आणि तीच माहिती राज्याच्या रजिस्ट्रीत गेलीच पाहिजे, पहिल्या ऑपरेशनची पण आणि परत काढल्याची पण. सरकारी योजनेतून जिथे पैसे जातात तिथे तर नोंद नाही तर बिल पास नाही, इतकं सोपं आहे. डॉक्टरांवर कागदांचा बोजा आधीच आहे हे मान्य, पण स्टिकरवरचा बारकोड स्कॅन करायला किती वेळ लागतो.

तोपर्यंत वाचकांना एक विनंती. २००४ ते २०१० च्या दरम्यान घरात कुणाचं खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर फाइल काढून बघा एएसआर असं कुठं लिहिलंय का, आणि असेल तर दुखत नसलं तरी हाडाच्या डॉक्टरांना दाखवून रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी करून घ्या. फाइल सापडत नसेल तर एक्सरे घेऊन जा, धातूवर धातूचा खुबा असेल तर जाणकार डॉक्टरांना बऱ्याचदा त्यावरून ओळखता येतो.

आपला,
एक वाचक, सातारा