बोले यांचे नाव का गाळले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाडच्या सत्याग्रहावरील लेख काल आपल्या पुरवणीत वाचला. ‘मुंबई सरकारने १९२३ मध्ये कायदा करून पाणवठे सर्वांना खुले केले होते’, एवढ्या एका वाक्यात लेखकाने आधीचा सगळा इतिहास उरकला, याचे मला फार वाईट वाटले. तो कायदा नव्हता. रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडलेला आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झालेला तो ठराव होता. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी आणि धर्मशाळांबरोबरच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी शिफारस त्यात होती.

शिफारस मोडणाऱ्याला शिक्षा नसते, आणि याचा भार माझ्या वडिलांनी सोसला. कोकणातल्या ज्या शाळेत ते शिकले ती लोकल बोर्डाची, म्हणजे ग्रामीण भागातल्या तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेची होती, म्हणजे ठरावात स्पष्टपणे येणारी. तरीही ठरावाला दहा वर्षे उलटून गेल्यावर त्यांना पडवीत बसून खिडकीतून फळा पाहावा लागे, आणि पाटी तपासायची झाली की मास्तर ती जमिनीवर ठेवून मागे सरायला सांगत. म्हातारपणीही हे सांगताना वडिलांचा आवाज चढत असे.

ठराव नुसता कागदावर राहतो आहे, हे बोले यांनी वेळीच ओळखले होते. म्हणूनच ऑगस्ट १९२६ मध्ये ते कौन्सिलात पुन्हा उभे राहिले आणि जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड अंमलबजावणी नाकारील तिचे सरकारी अनुदान बंद करावे, असा दुसरा ठराव त्यांनी आणला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ च्या जानेवारीतच केला होता, पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथले पाणी ओंजळीत घेईपर्यंत त्या ठरावाचा अस्पृश्यांना काडीचाही उपयोग झाला नव्हता. मांडलेल्या प्रश्नाचा असा पाठपुरावा करणारा लोकप्रतिनिधी आपल्या लेखात नावानेही येऊ नये, हे मला अन्यायाचे वाटते.

दादरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. तिथून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांना विचारून पाहिले तर बोले कोण, हे एकालाही सांगता आले नाही. महापालिकेने तिथे त्यांचे पूर्ण नाव आणि दोन्ही ठरावांची माहिती देणारा फलक लावावा. आपणही पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि तीत बोले यांचे नाव घ्यावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, दादर