बुरशीच्या फोटोबद्दल आभार

प्रिय ताई,

गुवाहाटीला एम.टेक.ला जावं की पुण्यातच थांबावं, या प्रश्नावर गेटच्या, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासने ‘रँकिंग बघ ना’ म्हणून बोळवण केली. निकालाच्या दिवशी बॅनरसाठी फोटो मागायला मात्र तीनदा फोन. तू तिथली सीनिअर, ओळखदेख नसताना उत्तर दिलंस, तेही कसं, तर कपाटातल्या चामडी पट्ट्याचा फोटो पाठवून! काळा पट्टा, बकलाजवळ पांढुरकी, मखमलीसारखी बुरशी. खाली एकच ओळ: ‘जुलै. पंधरा दिवस वापरला नव्हता.’

बाकीचे सगळे तळी नि डोंगर दाखवतात गं. ब्रह्मपुत्रेकाठची दमट हवा त्या एका पट्ट्याने समजावली. चामडं, मार्कशीट, कॅमेऱ्याची लेन्स हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या; रंग बदलला की तापवून पुन्हा वापरायच्या. कपाट भिंतीला चिकटवायचं नाही, मागून हवा खेळली पाहिजे.

अंधाराचंही तूच सांगितलंस. घड्याळ देशभर एकच, पण गुवाहाटी पुण्याच्या जवळपास 18 अंश पूर्वेला. अंशाला चार मिनिटं धरली तर सव्वा तासाच्या आसपास फरक. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. जेवून दुपारी लॅबमध्ये शिरणाऱ्याला आठवडाभर ऊन जेमतेम दिसतं आणि मन का खचतंय तेही कळत नाही. उलट जूनमध्ये साडेचारलाच उजाडतं, म्हणून जाड पडदा घरूनच न्यायचा. हे कुठल्या रँकिंगमध्ये असतं?

पैशांचा हिशोब तू गोड करून सांगितला नाहीस. स्टायपेंड महिना 12,400, पण पहिला हप्ता लांबतो, म्हणून दोन महिन्यांचा खर्च हाताशी हवा. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं आणि त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचं लागतं. घरात असलेलं राज्याचं, तीन वर्षांचं प्रमाणपत्र पुढे केलं की अडलंच. सेतूत अर्ज देतानाच ‘केंद्राचं’ असं बजावायचं.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट: गाइड कसे आहेत हे गाइडना विचारायचं नाही. त्यांच्या हाताखालून बाहेर पडलेल्या शेवटच्या तिघांना गाठायचं. प्रबंध कोणत्या महिन्यात दिला? यंत्रावर नंबर लागायला किती आठवडे गेले? ही उत्तरं येईपर्यंत सीओएपीवर, म्हणजे एम.टेक.च्या जागा स्वीकारायच्या सामायिक पोर्टलवर, ‘रिटेन अँड वेट’: मिळालेली जागा राखून पुढच्या फेरीची वाट बघायची. ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीझ’ दाबलं की पुढच्या फेऱ्या संपल्या, मग कितीही चांगली जागा निघो.

स्वतःच्या कॉलेजचं वैगुण्य परक्याला दाखवायला मन मोठं लागतं. ‘ये गं, मस्त आहे’ म्हणणं किती सोपं होतं.

बॅग भरून झाली आहे. पट्टा कापडी घेतलाय.

तुझी,
येत्या जुलैची ज्युनिअर