विषय: डिसेंबर तिमाहीच्या निकालातली टीप ७ आणि त्यावर मला मिळालेली उत्तरे

प्रति,
कंपनी सेक्रेटरी व कंप्लायन्स ऑफिसर
प्रत: व्यवस्थापकीय संचालक, ऑडिट कमिटीचे अध्यक्ष

तुमच्या इन्व्हेस्टर रिलेशन्स विभागाशी चाललेला फोन अकरा मिनिटांपूर्वी संपला. संपवला त्यांनी. माझं वाक्य तेव्हा अर्ध्यावर होतं. उरलेलं वाक्य इथे लिहून पाठवतो आहे. ते जरा लांबलं आहे.

टीप ७ काय आहे ते तुम्हाला समजावून सांगत बसत नाही, तुमच्याच सहीने गेली आहे. सप्टेंबरपर्यंत तुम्ही धंद्याचे तीन सेगमेंट, म्हणजे वेगवेगळे विभाग, दाखवत होता, डिसेंबरला दोनच उरले. तिसरा, म्हणजे जो सुरू झाल्यापासून तोट्यात आहे तो, 'मुख्य व्यवसाय' या गोंडस नावाच्या पोटात गेला. आणि खाली ओळ अशी की पुनर्रचनेमुळे मागील कालावधीचे तुलनात्मक आकडे उपलब्ध नाहीत.

उपलब्ध नाहीत? सेगमेंट कसे दाखवायचे याचा लेखा-नियम, इंड एएस १०८, सांगतो की अंतर्गत रचना बदलल्यामुळे सेगमेंट बदलले, तर आधीचे आकडे, अगदी तिमाहीचेसुद्धा, नव्या मांडणीत पुन्हा द्यायचे. सूट आहे, पण ती माहिती हाताशी नसेल आणि तयार करण्याचा खर्च अवाच्या सवा असेल तेव्हाच. इथे काय तयार करायचं होतं? तुम्हीच छापलेल्या दोन ओळींची बेरीज. आंतर-सेगमेंट विक्री वजा करायची, ती ओळही त्याच तक्त्यात आहे. मी लेखा विभागात ३१ वर्षं काढली. ही बेरीज वहीच्या मागच्या पानावर चहा निवायच्या आत झाली. तुमच्या वित्त विभागाला हा खर्च परवडत नसेल तर पान पाठवतो, टपालखर्च माझा.

उलटं मात्र मला करता येत नाही. डिसेंबरच्या एकत्र केलेल्या आकड्यातून तोटा वेगळा काढायचा तर राजहंसाचा जन्म घ्यावा लागेल. म्हणून विचारलं.

विचारलं कुठे, तर तुमच्याच कॉनकॉलवर, म्हणजे निकालानंतर व्यवस्थापन गुंतवणूकदारांशी फोनवर बोलतं तिथे. स्टार आणि एक दाबून ३५ मिनिटं रांगेत होतो. मॉडरेटर बाईंनी विचारलं, कोणत्या फर्मकडून? म्हटलं, वैयक्तिक भागधारक. मग आणखी दोघे माझ्या पुढे गेले. शेवटी ४७ व्या मिनिटाला माझा नंबर लागला. मी दोन वाक्यांत विचारलं: तिसऱ्या व्यवसायाचा या तिमाहीचा तोटा किती, आणि जुने आकडे नव्या मांडणीत का नाहीत? तुमच्याकडून उत्तरं देणारे मोठे साहेब म्हणाले, एवढ्या तपशिलात आम्ही जात नाही, हे आपण ऑफलाइन घेऊ. आणि पुढचा प्रश्न.

गंमत अशी की त्याआधी ३८ व्या मिनिटाला एका फंडाच्या अ‍ॅनालिस्टशी बोलताना हेच साहेब अभिमानाने सांगून गेले होते की दर सोमवारी ते तिन्ही व्यवसायांचा आढावा वेगवेगळा घेतात, तिन्हींचे नफा-तोटा पत्रक त्यांच्या टेबलावर असते. कंप्लायन्स ऑफिसर म्हणून तुम्हाला हे ऐकताना घाम फुटायला हवा होता. १०८ चा सगळा पायाच हा आहे: वरचा निर्णय घेणारा माणूस धंदा ज्या तुकड्यांत बघतो, त्याच तुकड्यांत भागधारकाला दाखवायचा. वेगवेगळे सेगमेंट एकत्र करायला मुभा आहे, पण त्यांची आर्थिक वैशिष्ट्यं सारखी असतील तर. एक व्यवसाय वर्षानुवर्षं कमावतोय आणि दुसरा जन्मापासून तोट्यात आहे. यांतलं सारखं काय, लेटरहेड?

कॉलचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे लेखी शब्दांकन, पाच कामकाजी दिवसांच्या मुदतीत आलं, मुदतीबद्दल तक्रार नाही. आलं ते धुऊन इस्त्री करून आलं. साहेबांचा सोमवार त्यात 'नियमित आढावा' झाला आहे. माझ्या प्रश्नाच्या जागी आहे 'आवाज अस्पष्ट'. तुमच्याच वेबसाइटवरच्या रेकॉर्डिंगमध्ये तो प्रश्न खणखणीत ऐकू येतो. माझ्या नातीने मोबाइलवर ऐकला आणि म्हणाली, आजोबा, तुम्ही किती जोरात बोलता.

'ऑफलाइन' म्हणजे काय तेही कळलं. ईमेल केला, तो तुमच्या जनसंपर्क एजन्सीकडे गेला. एजन्सीने रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, पाठवलं. रजिस्ट्रारने डिमॅट क्रमांक मागितला, मग पॅन, मग पुन्हा डिमॅट क्रमांक, आणि शेवटी कळवलं की त्यांच्याकडे फक्त केवायसी, नामनिर्देशन आणि न मिळालेला लाभांश बघतात. त्यांची चूक नाही. सेगमेंटचा तोटा रजिस्ट्रारला कुठून माहीत असणार?

पण एका माणसाला तो माहीत होता. कॉलनंतर तिसऱ्या दिवशी एका ब्रोकरेज फर्मची नोट बाहेर आली. तिच्या दुसऱ्या पानावर तुमच्या तिसऱ्या व्यवसायाचा डिसेंबर तिमाहीचा तोटा आहे. कोटींत, दशांशासह, आणि शेजारी 'व्यवस्थापनाच्या माहितीनुसार' असा उल्लेख. म्हणजे जो तपशील मला द्यायचा नव्हता, तो कुणालातरी दिला. त्याला ऑफलाइन भेटला, मला ऑफलाइन रजिस्ट्रार भेटला.

आता आजचा फोन. तो शब्दशः लिहितो, कारण तो तुमच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये येणार नाही.

तुमचे अधिकारी तरुण होते. सुरुवात सभ्य. "बोला सर, कुठल्या फंडातून बोलताय?"

कुठल्याच नाही, भागधारक आहे.

"अच्छा. होल्डिंग किती सर?"

८५ शेअर.

इथे एक छोटीशी शांतता झाली. मागे कुणाचातरी प्रिंटर घरघरत होता तो ऐकू आला. आणि शांतता संपली तेव्हा माझ्यातला 'सर' गेला होता.

"काका, कसंय, हे सेगमेंटचं जरा टेक्निकल असतं. तुम्ही प्रेझेंटेशन बघा ना, त्यात सगळं सोपं करून दिलंय."

म्हटलं, प्रेझेंटेशन पाहिलं. ४२ पानं आहेत, त्यांत सहा पानांवर हसणारी माणसं आहेत, सेगमेंट एकाही पानावर नाहीत.

"मग ट्रान्स्क्रिप्ट बघा."

त्यात माझा प्रश्न अस्पष्ट आहे.

"मग तुमच्याकडे लाइनचा प्रॉब्लेम असेल, काका."

रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे. ४७ वं मिनिट.

"रेकॉर्डिंग कोण ऐकतं, काका?"

हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं, आणि हसले. कॉलचं रेकॉर्डिंग पुढचा ट्रेडिंगचा दिवस उजाडायच्या आत किंवा २४ तासांत, जे आधी असेल तेव्हा, लोकांपुढे ठेवायचा नियम शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने कुणासाठी केला असेल? ज्याला कॉलवरच उत्तर मिळतं त्याला रेकॉर्डिंगची गरजच नसते. ते माझ्यासारख्यांसाठीच आहे. तुमच्या खात्यात हे ज्ञान अजून झिरपलेलं दिसत नाही.

मग मी ब्रोकरेजच्या नोटेबद्दल विचारलं. "ते अ‍ॅनालिस्टचं स्वतःचं एस्टिमेट असतं." म्हटलं, तिथे 'व्यवस्थापनाच्या माहितीनुसार' छापलंय. परत प्रिंटर. मग आवाज एकदम मायेचा झाला.

"काका, एक सांगू का? रागावू नका. एवढा त्रास होत असेल तर तुम्ही म्युच्युअल फंडात टाका ना. ते लोक बघतात हे सगळं."

मी म्हणालो, अहो, त्यांना तुम्ही दाखवता म्हणून ते बघतात, आणि मला मात्र... इथे त्यांना मीटिंग आठवली.

मी त्यांचा काका नाही. मी ८५ शेअरांपुरता त्या कंपनीचा मालक आहे, आणि तो तरुण ८५ शेअरांपुरता माझा नोकर आहे. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. निकालाची पीडीएफ म्हणजे तिरका स्कॅन आहे, त्यात शब्द शोधता येत नाही. सहा स्तंभांपैकी गेल्या वर्षीच्या डिसेंबर तिमाहीचा जो स्तंभ, नेमका त्यावर ऑडिटरांचा गोल शिक्का बसला आहे. करानंतरच्या नफ्यातला दुसरा अंक ३ की ८ ते भिंग लावूनही ठरेना. आकडे कसे लिहायचे हे नियमांत असतं, शिक्का कुठे मारायचा हे बहुधा नसतं. तुमच्याकडे मात्र तो बरोब्बर तुलनेच्या स्तंभावरच कसा पडतो? सप्टेंबरलाही तिथेच होता.

प्रेझेंटेशनमध्ये मोठ्या अक्षरांत आहे तो 'समायोजित एबिटडा'. साध्या एबिटडाचीही (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) व्याख्या इंड एएसमध्ये नाही, तर समायोजिताची कुठून असणार. ती तुम्ही दर तिमाहीला नव्याने करता. एकवेळचा खर्च म्हणून जो वगळता, तो सलग पाचव्या तिमाहीत आला आहे. पाचदा येतो त्याला आमच्या लेखा विभागात नेहमीचा खर्च म्हणायचे. डिसेंबर तिमाहीत ताळेबंद आणि रोख प्रवाह देण्याची सक्ती नाही, ते सहामाहीलाच येतात, हे मला माहीत आहे. म्हणून तर सेगमेंटचा तक्ता हीच एक खिडकी उरते. तीही तुम्ही याच तिमाहीत लावून घेतलीत.

मी तुमच्यावर भलता आरोप करत नाही. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षांचं पत्र आलं आणि पुस्तकात दाखवलेल्या रोकडीपैकी ५,०४० कोटी मुळात नव्हतेच असं कळलं, तेव्हापासून मी निकालात नफा शेवटी वाचतो आणि टिपा आधी. एवढंच. तुमच्या टिपा बारा वर्षं वाचतोय. पहिल्या काही वर्षांचे अहवाल रुक्ष होते, कागद स्वस्त होता, फोटो फक्त संचालकांचे आणि तेही पासपोर्टसारखे. पण जिथे तोटा होता तिथे 'तोटा' असं लिहिलेलं असायचं. अध्यक्ष सभेत स्वतः उभे राहून सांगायचे की हा प्रयोग फसला. त्या कंपनीचे शेअर मी घेतले होते. गेल्या वर्षीच्या अहवालात 'तोटा' शब्द शोधला, तर त्याऐवजी 'गुंतवणुकीचा टप्पा' सापडला.

आता काय हवं ते. एक, तिसऱ्या व्यवसायाचा डिसेंबर तिमाहीचा आकडा आणि मागच्या तिमाह्या नव्या मांडणीत, एक्स्चेंजवर जाहीर. माझ्या एकट्याच्या ईमेलवर पाठवू नका; ब्रोकरेजच्या बाबतीत जे केलंत तेच माझ्या बाबतीत केल्यासारखं होईल. दोन, ट्रान्स्क्रिप्टची दुरुस्ती, ३८ वं आणि ४७ वं मिनिट. तीन, तो आकडा त्या नोटेत कसा गेला याचा लेखी खुलासा. इनसायडर ट्रेडिंगच्या २०१५ च्या नियमांखाली माहिती सर्वांना एकसारखी देण्याची तुमची संहिता वेबसाइटवर 'धोरणे' या सदरात आहे. सही तुमचीच आहे. एकदा वाचून घ्या, चांगली लिहिली आहे.

हे पत्र मिळाल्यावर सात दिवस थांबेन. मग स्कोअर्सवर, म्हणजे सेबीच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार. तिथे २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि 'काका' म्हणून चालत नाही. नोटेबद्दल सेबीला वेगळं लिहीन. टीप ७ वर ऑडिटरांनी मर्यादित तपासणीत डोळे का मिटले, हे ऑडिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या एनएफआरएला विचारेन.

आणि हे धमकी म्हणूनच वाचा: कंपनी कायद्याचं कलम १५१. ज्यांच्याकडच्या शेअरांचं दर्शनी मूल्य २०,००० रुपयांपर्यंत आहे, ते सगळे लहान भागधारक. अशा १,००० जणांनी किंवा एकूण लहान भागधारकांच्या एक दशांशांनी, यांत जी संख्या कमी असेल तितक्यांनी, नोटीस दिली तर संचालक मंडळावर आमचा माणूस निवडून पाठवता येतो. तुमच्याकडे लहान भागधारक किती आहेत हे तुमच्याच शेअरहोल्डिंग पॅटर्नवरून कळतं. निवृत्त माणसांकडे वेळ भरपूर असतो आणि त्यांच्या ओळखीही निवृत्त माणसांशीच असतात. वार्षिक सभेत वक्ता म्हणून मी नाव नोंदवणार आहेच. गेल्या वर्षी माझा माइक सुरू झाला नाही, तोही बहुधा लाइनचा प्रॉब्लेम असावा.

आपला,
एक भागधारक, ८५ शेअर
डिमॅट क्रमांक रजिस्ट्रारकडे आहे, त्यांनी तो दोनदा लिहून घेतला आहे.

ता. क. मार्चच्या निकालाला शिक्का जरा डावीकडे मारायला सांगा.