वारेच्या कॅप्सूल नकोत, नाळ सावकाश कापा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

बाळंतिणीची वार (प्लासेंटा) वाळवून, दळून कॅप्सूलमध्ये भरायची आणि तिलाच खायला घालायची, ही परदेशी टूम मोबाइलवरून आता सांगली-मिरजेच्या मुलींपर्यंत आली आहे. अंगात रक्त भरते, दूध वाढते, बाळंतपणानंतरची उदासी येत नाही, असे दावे केले जातात.

पद्धत अशी: साधारण अर्धा किलोची वार बर्फावर ठेवून नेतात, धुतात, पडदे आणि नाळ काढतात. कोणी आधी वाफवते, कोणी कच्चीच घेते. मग पातळ काप करून ४६ ते ७१ अंश सेल्सिअसला यंत्रात तासन्‌तास वाळवतात, पूड करतात आणि कॅप्सूल भरतात.

गोम वाळवण्यातच आहे. शिजणे वेगळे आणि वाळणे वेगळे, हे हळद पिकवणाऱ्या जिल्ह्याला सांगायला नको. हळद आधी शिजवतात, गवताची काडी कंदात अलगद गेली की काढतात, मगच वाळत घालतात. वारेच्या बाबतीत ती काडी कोणी टोचत नाही. साल्मोनेलासारखे जंतू पुरेसे मरायला ५४ अंशांवर १२१ मिनिटे लागतात, आणि ही उष्णता कापाच्या आत पोहोचावी लागते. यंत्र दाखवते ते हवेचे तापमान. ओल्या कापातून पाणी उडत असते, म्हणून तो हवेपेक्षा थंड राहतो. तो तापेपर्यंत सुकतो, आणि सुक्या पदार्थात जंतू उष्णतेला सहज दाद देत नाहीत. पुडीत ते महिनोन्‌महिने तग धरतात. वार योनिमार्गातून बाहेर येते, त्यामुळे तिथले जंतू तिला लागलेले असतातच. एकाच यंत्रात दुसऱ्या बाईची वार वाळवली, तर रक्तातून पसरणाऱ्या आजारांची भीती आणखी वेगळी.

कॅप्सूलमध्ये जंतू तग धरल्याचे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात घडले आहे. ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस’ या जंतूच्या संसर्गातून बरे होऊन घरी गेलेले बाळ थोड्याच दिवसांत त्याच संसर्गाने पुन्हा दाखल झाले. आई रोज तीन वेळा दोन-दोन कॅप्सूल घेत होती. त्या कॅप्सूलमध्ये तोच जंतू सापडला.

दुधाचे म्हणाल तर वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरते, तोच दूध उतरायचा इशारा असतो. तेच संप्रेरक पुन्हा पोटात घालून दूध कसे वाढणार? उदासीवरही फक्त २७ बायकांची एक छोटी चाचणी झाली आणि तिच्यात ठळक फरक दिसला नाही. बाळंतीण सतत रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

आता लोह. कॅप्सूलच्या दिवसभराच्या ३.३ ग्रॅम पुडीतून सुमारे २ मिलिग्रॅम लोह मिळते. उपकेंद्रात फुकट मिळणाऱ्या एका लोहगोळीत ६० मिलिग्रॅम असते, आणि ती बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायची असते. शौचाला काळे होते म्हणून घाबरून बायका ती सोडतात, सोडू नये. चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, कॅल्शियमची गोळी दोन तास दूर ठेवावी.

वारेतल्या लोहाचा खरा मानकरी बाळच आहे. जन्मल्याबरोबर नाळ चिमट्यात धरली की बाळाच्या वाट्याचे रक्त वारेतच अडकते. निदान एक मिनिट, जमल्यास तीन मिनिटे थांबले, तर पूर्ण दिवसांच्या बाळाला ८० ते १०० मिलिलिटर जास्त रक्त मिळते. नाळ बोटांत धरली की ठोका लागतो, तो मंदावेपर्यंत धीर धरायचा. बाळ आईच्या पोटावर कोरडे पुसून घ्यावे, उबदार झाकावे. बाळ श्वास घेत नसेल आणि तिथेच उपचार शक्य नसतील, तर मात्र ताबडतोब नाळ कापावी लागते. सिझेरियनमध्येही बाळ-बाळंतीण ठीक असतील तर थोडे थांबता येते.

वार पडल्यावर ती ताटलीत पसरून पूर्ण आहे का हे पाहायचे. एखादा तुकडा आत राहिला तर रक्तस्राव थांबत नाही. मग ती पिवळ्या पिशवीत जावी. पूर्वी परसात पुरत, त्यामागची भावना समजते. पण आता ती जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येते.

जिल्ह्यातल्या सरकारी आणि खासगी प्रसूतिगृहांना विनंती आहे, की नाळ किती मिनिटांनी कापली हे बाळंतिणीच्या कागदावर लिहून द्यावे. आणि सोबत गेलेल्या आईने, सासूने ते विचारून घ्यावे.

– एक परिचारिका, प्रसूती विभाग, मिरज (जि. सांगली)